शेळी, अकरा मिलिमीटर

मंगळवारी चिमूर.
उमरेडहून एस.टी. हुकली की काळीपिवळी,
मांडीवर थंड डबा, डब्यात बर्फाच्या विटा
आणि चौदा इवल्या बाटल्या:
गाजरगवत, धानाचा कोंडा, झुरळ,
कुत्रा, गाय, शेळी,
गादीतला तो डोळ्यांना न दिसणारा किडा.
शेजारची बाई विचारते,
"कुल्फी हाय काजी?"

खोली किराणा दुकानामागे.
पुढे मिरचीचं पोतं उघडलं
की पेशंटच्या आधी मीच शिंकते.

मग हात.
मनगटापासून कोपरापर्यंत निळ्या पेनानं आकडे,
आकड्याशेजारी थेंब,
थेंबातून टोच, मुंगी चावावी एवढी.
आणि पंधरा मिनिटं खाजवायचं नाही.
एवढं लोकांना पटवण्यात
माझी डिग्री बरीचशी खर्ची पडते.

हात पुढे धरून बसलेलं माणूस
फार बोलतं.
दुसरं काही करता येत नाही ना.

कवडू श्रीरामे, वय त्रेचाळीस,
खडसंगीच्या पुढे, जंगलाला लागून घर.
दम फक्त रात्रीचा.
बुवाची राख झाली, कंपाउंडरची सुई झाली,
साडूनं पपईच्या पानांचा रस पाजला, तोही झाला.
घड्याळ बघत मी पट्टी लावली:
हिस्टामिन पाच,
शेळी अकरा,
बाकी हात कोरा.
शेळीची गांध मात्र पाय फुटल्यासारखी पसरलेली.

बाजारात अचानक घरचं कुणी भेटावं
तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं.
"कोनती शेळी हाय, ते समजते काजी?
काळी असन. ते लय उलटी हाय."

मी लिहिलं: शेळ्या घराबाहेर बांधाव्यात.
त्यानं वाचून घेतलं माझ्याकडून, दोनदा.
मग म्हणाला,
"बाहेर वाघ राह्यते ना जी."
बाहेर चपला राहतात, अशा आवाजात.

आमच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी
पहिला उपाय एकच असतो: टाळा.
मागे शब्दसूची आहे, तिच्यात
वाघ नाही.
मी ओळ खोडली. पंप लिहून दिला,
दोनदा ओढायचा, मग चूळ भरायची.
"पंपाची सवय लागते म्हन्ते."
"श्वासाचीही लागलीये ना तुम्हाला?"
हे मी आठवड्यातून वीसदा म्हणते,
तरी कुणीतरी हसतंच. तो हसला नाही.

दिवाळीनंतर त्याच्या गावी, शाळेतली पोरं तपासायला गेले.
परतताना त्यानं घरी नेलं.
एकच खोली, मधोमध दोरीवर ताणलेला फ्लेक्स:
मोफत अ‍ॅलर्जी तपासणी शिबिर,
आणि उलटी टांगलेली मी,
गेल्या उन्हाळ्यातली, हसरी, पाच फूट.
माझ्यापलीकडे सात शेळ्या.
माझा डावा कान आणि भिवापूर रस्त्याचा पत्ता
कुणीतरी खाऊन टाकलेला.
"काळीनं," तो म्हणाला, जराशा अभिमानानं.

खुंटीला टॉर्च, कुऱ्हाड, पंप.
तिन्ही हाताशी येतील असे.

झोप लागते आता, म्हणाला. चहा आला.
मग बायकोनं पदर सावरत सांगितलं,
हे रातभर खोकलत बसे तं
वाघ आंगनात येत नव्हता.
आता हे घोरते
अना मी बसतो जागी.

मी चहा प्यायले.
केसपेपरवर यासाठी रकाना नव्हता.
पाचच्या आत निघायचं होतं, त्यानंतर
त्या रस्त्यानं कुणी मोटारसायकल काढत नाही.
फ्लेक्सच्या फाटक्या कानातून काळी
मला बघत होती, जबडा हलवत,
आणि मला
जोराची शिंक आली.