सतरा तास

नारिता गावात, वाम भाजणाऱ्या दुकानांच्या धुरापलीकडे
फुसाए हागिवारांचं नऊ खोल्यांचं हॉटेल.
इथे राहायला असं कुणी येत नाही.
दोन विमानांच्या फटीत अडकलेली माणसं येतात,
पाठ टेकतात, उशीवर एखादा केस ठेवून जातात.

समरकंदहून विचारणा आली:
मी मोखिरा युल्दाशेवा. निवृत्त. भूगोल.
एकतीस वर्षं फळ्यावर तुमची चार बेटं काढली,
होक्काइदो दर वेळी जरा मोठंच झालं.
लेकाकडे निघालेय, व्हँकुव्हरला. मध्ये सतरा तास मोकळे.
फोटोत तुमच्या अंगणात दिसतं ते झाड खुर्म्याचं ना?
आमच्याही दारात आहे.

फुसाएंनी उत्तर दिलं: आम्ही त्याला काकी म्हणतो.

(मराठीत वाचलं तर लगेच नातं लागतं.
त्या दोघींना मराठी येत नव्हतं,
त्यांना ते हळूहळू लावावं लागलं.)

मग व्हिसा.
ताश्कंदच्या खिडकीमागच्या माणसाला हवं होतं
पुढचं तिकीट, बँकेचा दाखला, हॉटेलची पावती
आणि एक तक्ता:
कुठल्या तासाला कुठे असाल, काय कराल.
बाई तक्ते भरण्यात मुरलेल्या. तरी अडल्या.
‘संध्याकाळी साडेचार: झाड बघणे’ लिहिलं तर चालेल?
चालेल. फक्त पत्ता द्या.
‘रात्री नऊ ते पहाटे चार: झोप.’
झोपेला कारण लागतं का?
कारण नाही लागत, खोलीचा नंबर लागतो. सहा लिहा.
अंघोळीचं पाणी किती ऊन असतं,
नाश्त्यात डुकराचं मांस असतं का,
स्टेशनवरून चालत यायचं तर चढ की उतार
(भूगोल काही सुटत नाही),
अशी अकरा पत्रं झाली.

अकरांतल्या एकाही पत्रात फुसाएंनी सांगितलं नाही
की फोटो नऊ वर्षांपूर्वीचा आहे.
झाड दोन वादळांपूर्वीच पडलं.
दर वेळी लिहायला बसायच्या
आणि तक्त्यातली ती ओळ समोर यायची,
शिक्क्याची वाट बघत बसलेली.
आता सांगितलं आणि बाईंचा व्हिसा अडकला तर?
असं स्वतःला समजवायच्या.
खरं कारण याहून साधं होतं. लाज.

शेजारच्या ओदागिरींना विचारून पाहिलं,
तुमच्या झाडाला एक दिवस आमचं म्हणू का?
म्हणा की, ते म्हणाले. पण ते युझूचं आहे.

नोव्हेंबरात शिक्का उमटला. बाई आल्या.
ठेंगण्या, एक दात सोन्याचा,
पाठीवर नातवाची कार्टूनवाली सॅक.
बूट काढले न काढले तोच थेट मागच्या दारी.
घड्याळात चार अठ्ठावीस.

अंगणात बुंधा होता, पाटाएवढा.
फुसाए माफीसाठी वाकल्या त्या वाकूनच राहिल्या.

बाई काही बोलल्या नाहीत. उकिडव्या बसल्या,
बोटानं वर्तुळं मोजू लागल्या, मध्येच चुकल्या,
पुन्हा पहिल्यापासून.
बावन्न, म्हणाल्या, रशियनमध्ये. मग बोटांनी.
मग एका बारीक वर्तुळावर नख टेकवून
आभाळाकडे पाहिलं, तळवा कोरडा करून दाखवला.
फुसाएंना आठवलं. त्या उन्हाळ्यात
विहिरीतून बादली नुसती वाजत वर यायची.

सॅकमधून तक्त्याची प्रत निघाली.
साडेचारच्या ओळीपुढे बाईंनी बरोबरची खूण केली,
मुलांच्या वहीत करतात तशी, लांब शेपटीची.

पहाटे चारला सहा नंबरची खोली रिकामी.
चादर घडी केलेली. उशीवर केस नाही.

फोटो फुसाएंनी बदलला नाही.
त्याखाली एक ओळ घातली:
झाड आता नाही. बुंधा आहे. बसता येतं.

परवा लिमाहून कुणी विचारलंय,
आमच्याकडे मध्ये नऊच तास आहेत,
पुरतील का?