वाळवीचं औषध

शिवडीच्या गोदामांत, लालबागच्या चाळींत
एकवीस वर्षं मी वाळवी मारली.
पायथ्याशी वीत-वीत अंतरावर भोकं,
भोकांत औषध, वर सिमेंटचा लपका.
गिऱ्हाईक हमखास विचारायचं,
भिंतीला काही होणार नाही ना?
म्हणायचो, भिंत माझ्यावर सोडा.

नऊ वर्षांपूर्वी मानेत गाठी आल्या,
सुपारीएवढ्या, न दुखणाऱ्या.
परळला सहा वेळा लाल औषध चढलं,
लघवीसुद्धा कोकमाच्या सरबतासारखी.
गाठी विरल्या. केस परत आले, जरा कुरळे.
सुमतीने वॉर्डभर चिक्की वाटली.

आता दात घासताना रक्त.
मांडीवर निळे डाग, कुठे आपटल्याचं आठवत नाही.
डॉक्टर खंबाटा जुनी फाईल उघडून
बराच वेळ नुसती पानं उलटतात.
हे त्या गाठींचं नाही, म्हणतात.
हा रक्ताचा. वेगळा.
आणि बहुतेक त्याच औषधाने आलेला.
लाल नव्हे,
त्यासोबतचं पाण्यासारखं होतं ना, ते.

त्याची मला कधी भीतीच वाटली नव्हती.

रागवायचं कोणावर?
नऊ वर्षं मिळाली. त्यात केतकीचं बी.कॉम.,
एकदा गणपतीपुळे,
फ्रीजचे सगळे हप्ते.

पुन्हा औषध द्यावं लागेल, डॉक्टर म्हणतात,
या वेळी थेट मज्जा रिकामी होईपर्यंत.
मग बबनची जुळली तर त्याची भरू.

माझ्या तोंडून निघून जातं,
भिंतीला काही होणार नाही ना?

कुठली भिंत? ते विचारतात.

मी शर्टाची बाही वर करतो.