चौथी पायरी

येरटे सर नवीन होते तेव्हा
मी टी-स्क्वेअर मोजून द्यायचो, मोजून घ्यायचो. बेचाळीस.
एकदा एक्केचाळीस आले
तर लातूरच्या त्या उन्हात, पत्र्याच्या हॉलमध्ये,
सर स्वतः बाकांखाली वाकले.

पुढं एक कंप्युटर आला.
त्याला एसी, मला पंखासुद्धा नाही.
चपला बाहेर काढून आत जायचं.
सर म्हणले, चाँदपाशा, आता भिंत नुसती काढायची नाही,
यातच बांधायची. वीट, सळई, नळ, वायर, सगळं.
मी म्हणलं, मग खरी कशाला बांधायची?
ते हसले नाहीत. वहीत लिहून घेतलं.

गुत्तेदार मात्र हसायचे.
"जाग्यावर बघू की, सर."
उदगीरच्या दवाखान्याचं काम होतं,
सरांनी पडद्यावर दाखवलं: ही हवेची नळी, ही तुळई,
दोन्ही एकाच जागी.
ती जागा लाल झाली होती, डोळे आल्यासारखी.
गुत्तेदारानं बराच वेळ पाहिलं,
मग म्हणला, स्लॅब तर परवाच भरला.

भूकंपाचं सर बोलायचे नाहीत.
पोरं विचारायची, तुम्ही किल्लारीला सर्व्हेत होता ना?
ते फळ्यावर एक कोपरा काढायचे,
दोन भिंती भेटतात तो,
आणि खडू तिथंच टेकवून उभे राहायचे
बेल होईपर्यंत.

ज्या साली गावाला रेल्वेनं पाणी आलं
त्या साली लॅबमधल्या टॉवरला
अठ्ठावीस मजले निळ्या नळांतून पाणी चढत होतं.
मी घागर रांगेत ठेवून ड्युटीवर आलेलो.
सर म्हणले, टाकी कोरडी आहे, असंही दाखवता आलं पाहिजे यात.
तशी सोय नव्हती.

पोरं गेली. पुणे, हैदराबाद, दोहा.
निलंग्याची एक पोरगी शारजाहून फोन करायची:
सर, इथंपण जाग्यावर बघू म्हणतात,
फक्त अरबीत.

रिटायर व्हायच्या वर्षी सरांनी जुनी इमारत घेतली,
कॉलेजचीच, पाडायला निघालेली.
तेरा रविवार मी टेपचं टोक धरलं.
जिन्याची चौथी पायरी पाऊण इंच उंच निघाली.
तीस वर्षं मी तिथं चहा सांडला होता.
प्राचार्य अडखळले, तपासणीची समिती अडखळली,
आणि दोष माझ्या चालण्याला.
कंप्युटर म्हणे, सगळ्या सारख्या करून देतो.
सरांनी तीनदा नाही म्हणलं,
चौथ्यांदा त्यानं ऐकलं.

आता तिथं पार्किंग आहे.

निरोपाच्या दिवशी कुणीतरी तो डब्यासारखा चष्मा आणला.
सर म्हणले, आधी चाँदपाशा.
माझ्या टोपीवरून पट्टा त्यांनीच आवळला.
व्हरांडा दिसला. नोटीस बोर्ड, गंजक्या टाचण्यांसकट.
उजेड तेवढा पिवळा नव्हता, बाकी तेच.
सपाट फरशीवर मी चालत होतो, लोक हसत असतील.
जिना.
एक. दोन. तीन.
पाय आपोआप
जरा जास्त उचलला गेला.

हातात काहीच नव्हतं,
तरी मी ते आडवं धरलं.
मागून सर म्हणले, सांडू नका.