मूठ सोडा

डाव्या तर्जनीवर माझं घर चालतं.
सकाळी सहाला, उपाशीपोटी बसलेल्या माणसांच्या दारात,
कोपराच्या खळग्यात तिनं चाचपायचं.
निळी दिसते ती नाही,
दिसत नाही ती,
दाबली की उशीसारखी पुन्हा वर येणारी.
मग उजव्या हातातली सुई.
तेवीस वर्षं. वर्तकनगर, पाचपाखाडी, मधलं सगळं.

गिटार मानपाड्याच्या एका मुलाची.
दुबईला निघाला होता, दोन हजारांत दिली, कव्हर फुकट.
मी त्याच्या वडिलांचा रिपोर्ट द्यायला गेले होते.
का घेतली, विचारू नका.
स्कूटीवर पायांत उभी धरून आणली,
पोखरण रोडचा प्रत्येक खड्डा
तिच्या पोटात वाजला.

ओवी गावंड, अकरावी कॉमर्स, खालच्या मजल्यावरची.
महिन्याला चारशे घेते,
मावशी म्हणत नाही, थेट हेमलता.
पहिल्या दिवशी तिनं माझी बोटं उचलून तारांवर ठेवली,
पंगतीत पोरं बसवावीत तशी, एकेक, दामटून.
ई मायनर. दोनच बोटं.
"वाजव."
सहाही तारा एकदम बोलल्या.
मी घाबरून हात काढला.

मग जी. मग सी.
सीमध्ये माझं मधलं बोट शेजारणीला टेकतं, ती मुकी होते.
"कोण गप्प बसलंय बघ," ओवी म्हणते.
एकेक तार छेडत शोधायचं.
हे मला येतं.
खोलीत जो काहीच बोलत नाही
त्यालाच आधी विचारायचं, चक्कर येतेय का.

"एवढं आवळू नकोस गं. मनगट सोड."
मला हसूच आलं.
दिवसाला तीस जणांना मी सांगते, मूठ आवळा.
मग नळीत लाल उतरायला लागलं की, आता सोडा.
निम्मे विसरतात.
एक आजोबा तर मूठ तशीच घेऊन
मला जिन्यापर्यंत सोडायला आले होते.

तिसऱ्या आठवड्यात टोकं सोलली. पाचव्यात घट्टे.
अंगठ्यानं मोजले, चार,
हरभऱ्याच्या डाळीएवढे.
ओवीनं ते तिच्या आईला दाखवले.

त्या सोमवारी चौबळ काकू. वय त्र्याऐंशी, शिरा पळणाऱ्या.
तर्जनी ठेवली.
कातडं होतं, हाड होतं, वर पंखा फिरत होता.
शीर नव्हती.
पुन्हा, कोपरापासून मनगटापर्यंत.
ओळखीच्या गल्लीत कोणी दिवे काढून नेल्यासारखं.
"काय गं, आटले की काय मी?"
थंडीनं दबल्यात, म्हणाले.
मे महिना होता.

रात्री ब्लेड घेऊन बसले.
तर्जनीचा घट्टा एका कडेनं उचकटला. थोडासाच.
जीवरून सीवर जायला मला अजून चार सेकंद लागतात.
त्या चार सेकंदांत बोटं हवेत असतात
आणि कोणाचंच काही तपासायचं नसतं.
ब्लेड परत कागदात गुंडाळलं.

आता उजव्या तर्जनीनं चाचपते.
ती फक्त पिक धरते, तिला अजून कळतं.
जागा सापडली की नखाची खूण, मग स्पिरिट, मग सुई.
लोक घड्याळ बघतात. बघोत.
"हात बदललास?" चौबळ काकूंनी लगेच ओळखलं.
शिकतेय, म्हटलं.
काय ते त्यांनी विचारलं नाही,
दुसरा हात पुढे केला.

एफ काही येत नाही.
तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकायची, दरवाजाच्या कडीसारखी,
आणि वर बाकीच्यांनी आपापली कामं करायची.
सहातल्या दोनच बोलतात. ओवी म्हणते, दिवाळी उजाडेल.
काल तीन बोलल्या.
तिसरी कुठली ते शोधेपर्यंत
हात आपोआप सुटला.