नो डिस्क

गाडी विकली मार्चात, डबा तेवढा काढून ठेवला.
आता जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी बसून
त्याला विचारतोय, काय होतंय तुला.

काळी वायर अर्थिंग. लाल, चावी फिरवल्यावरची.
पिवळी आठवणीची.
ती सुटली की घड्याळ बारावर,
सगळं पहिल्यापासून.
लाल-पिवळी एकत्र पिळली. दिवा लागला.
चकती आत ओढली, घरघरला, थुंकून टाकली.
नो डिस्क.

"भंगारात घाल की बे," अंबादास दारातूनच.
श्रीलता बोलली नाही. स्पिरिटची बाटली आणून ठेवली.

चार स्क्रू, त्यातला एक आधीच हरवलेला.
झाकण निघालं, तर भिंगावर
टॉवेलचा गुलाबी तूस.
आठ वर्षं मागच्या सीटवर गठ्ठे,
अक्कलकोट रोड ते हैदराबाद, काचा बंद, गाणी चालू.
माग थांबून दीड वर्ष झालं.
कान कोरायच्या काडीनं उचलला
शेवटचा माल.

चकती फिरली. आवाज आला, चित्र नाही.
पडद्यावर पांढरी अक्षरं: आधी हँडब्रेक ओढा.

"अजून किती ओढायचा?" श्रीलता हसली,
बेचाळीस डिग्रीत, पदरानं वारा घेत.

मी हिरवी वायर शोधतोय.