आत ओढलेला हो

पहिल्यांदा वाटलं, आल्गोटला दमा आहे.
मी विचारलं, उद्या बर्फ पडेल का?
त्याने ओठांचा चंबू केला
आणि हवा आत ओढली, सुर्र,
बशीतला गरम चहा ओढावा तशी.
मी थांबले, उत्तराची वाट बघत.
तोही थांबला, माझं काय अडलंय ते बघत.
मग ट्रॅक्टरवर चढून निघून गेला.

तीन आठवड्यांनी ग्रंथालयातल्या बाई म्हणाल्या,
अगं, तो 'हो' होता.
इकडे वर, उत्तरेला, हो असाच म्हणतात.

आणि मी आले तिथून, जिथे हो बाहेर फेकतात
मूठमूठभर: हो हो, हो ना, अहो हो तर!
आणि हो म्हणून येत नाहीत.

गाव म्हणजे अकरा घरं.
रस्त्याच्या वळणावर एका फळीवर अकरा टपालपेट्या,
घरांपेक्षा त्याच एकमेकींच्या जवळ.
आमचं खांडेपारकर पेटीवर मावेना,
शेवटची अक्षरं कोपऱ्यावरून वळून
गुनबोर्गच्या पेटीकडे तोंड करून उभी.

कुणी काही विचारलं नाही.
मूल का नाही, नवऱ्याला पगार किती,
तो पंधरा-पंधरा दिवस खाणीवर, भीती नाही का वाटत.
पहिला महिना मला हे स्वातंत्र्य वाटलं.
तिसऱ्या महिन्यात वाटलं,
अरे, निदान पगार तरी विचारा कुणीतरी.

डिसेंबरात एका सकाळी
(सकाळ घड्याळातली, बाहेर रात्रच)
दारापासून रस्त्यापर्यंतचा बर्फ कुणी तरी उपसलेला.
ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे आल्गोटच्या अंगणात जाणारे.
मी बेसन भाजलं. घरभर वास, खिडक्या बंद,
पडद्यांना तो मार्चपर्यंत येत होता.
स्टीलचा डबा भरून नेला.
त्याने घेतला, आभार मानले, दार लावलं.

दुसऱ्या दिवशी डबा माझ्या पायरीवर.
घासलेला, पुसलेला, झाकण घट्ट.
रिकामा.

मी दोनदा उघडून पाहिला.
चिमूटभर साखर? एखादं सफरचंद?
तळाशी माझंच तोंड, पसरट.
बहिणीला फोन केला आणि रडू आलं,
रिकामा डबा गं, रिकामा!
तिलाच तेवढं कळलं असतं, आणि कळलं.

गुनबोर्ग मात्र कॉफी ढवळत म्हणाली,
त्याने भरून दिला असता तर तू पुन्हा भरला असतास.
मग पुन्हा तो.
थांबायचं कुठे?
आणि खरोखरच घाबरल्यासारखी तिने खिडकीबाहेर पाहिलं,
जणू आमच्या दोन घरांमधून
नदीच फुटणार होती.

फेब्रुवारीत तापाने पडले.
नवरा खाणीवर, बाहेर उणे एकतीस.
दुपारी दारावर थाप.
आल्गोट, आणि घसरगाडीवर बर्चची लाकडं.
म्हणाला, धूर दिसला नाही.

म्हणजे रोज बघत होता.

बूट दाराशी काढून, रफू केलेल्या मोज्यांवर
शेगडीपुढे गुडघे टेकून त्याने जाळ केला.
चहा घेणार? मी विचारलं.
सुर्र.
चहा मीच केला, हट्टाने, भिंतीला धरून.
अर्धा तास बसलो. मी दोनदाच बोलले,
माझ्यासाठी तो निर्जळी उपासच.
जाताना नाड्या बांधत, मान खाली घालून तो म्हणाला,
ते पिवळे गोळे.
चांगले होते.

परवा आईचा फोन. जेवलीस का?
माझा श्वास आपोआप आत गेला.
काय गं, दम लागला? जिना चढलीस का?
या घराला जिना नाही.
तिकडे ती थांबली, उत्तराची वाट बघत.
इकडे मीही थांबले,
तिचं काय अडलंय ते बघत.