सहा धुण्यांचा हिशेब

प्रणिताची सुट्टी मंगळवारी,
म्हणून सोमवारी रात्री मी जुनी निळी बादली गच्चीवर नेतो.
झिंगाबाई टाकळीत तेव्हा हवा पडलेली असते,
गोरेवाड्याकडून वाढलेल्या गवताचा वास येतो.

चिंधीला आधी खालच्या खोलीत कोंडतो.
ती दारावर नखं ओढते, मांजराच्या भाषेत शिव्या देते.
ओलं असेतो हे औषध तिला विष,
वाळलं की मग खुशाल लोळ म्हणावं खाकीवर.
दुकानदार हे बोलला नव्हता.
बाटलीवर मुंगीएवढी अक्षरं होती,
भिंग लावून वाचली, दोनदा.

हातमोजे. मग शर्ट, पँट, मोजे, टोपी.
बनियन नाही, आतलं काहीच नाही,
कापडाला पाजायचं ते, कातड्याला नाही.
पँटच्या मोहऱ्या जरा जास्त वेळ बुडवतो,
कारण गोचीड खालून चढते.
गवताच्या टोकावर पुढचे पाय ताणून बसलेली असते
फायनान्सच्या वसुलीवाल्यासारखी,
उपाशी, शांत,
कधीतरी कोणीतरी इथूनच जाणार, ह्या खात्रीनं.

उन्हात टाकायचं नाही, उन्हानं औषध मरतं.
पंचवीस वर्षं लोकांचे कपडे धुऊन, वाळवून, इस्त्री केले मी,
अंधारात वाळू घालतो ते हे एवढंच धुणं.
उरलेलं पाणीही नालीत सोडत नाही.
नाली पिली नदीत जाते,
आणि तिथल्या मासोळ्यांनी आमचं काय बिघडवलं?

मागच्या दिवाळीआधी तिच्या कानामागे एक निघाली,
तुरीच्या दाण्याएवढी फुगलेली.
मग ताप. मेडिकलच्या वॉर्डात तेरा दिवस.
नवा डॉक्टर विचारत होता, जंगलात गेल्या होत्या का?
ती म्हणाली, ‘मी जंगलातच राह्यते साहेब,
घरी येऊन-जाऊन असते.’
डॉक्टर हसला. मी नाही हसलो.

सहा धुण्यांपर्यंत टिकतं म्हणतात.
म्हणून प्रत्येक धुण्याला
कॉलरच्या आत लाल दोऱ्याचा एक टाका घालतो.
सहा झाले की उसवतो, बादली काढतो.
तिच्या मानेला टोचतात ते टाके.
‘टोचू दे,’ म्हणते, ‘मोजणारा हाये कोणी, एवढं तरी समजते.’

एकदा पिशवीतून तिनं भलतीच पँट काढली,
गुडघ्याला ठिगळ, कमरेला सुतळी.
‘झनकलालची. इनवाते, आमचा रोजंदारीवाला.
त्याले वर्दी भेटत नाही.’
मी म्हटलं, बाटलीत दोनदाचंच उरलं आहे.
तिनं बूट उतरवता उतरवता माझ्याकडे पाहिलं.
‘गोचीड काय हजेरीपट पाहून चढते का?’

बुडवली. ठिगळानं दुप्पट औषध प्यायलं.
कमरेच्या आत एक लाल टाका घातला आणि निरोप दिला:
प्रत्येक धुण्याला एक.
पाळेल असं काही वाटलं नव्हतं.

औषध कपड्याचं, कातड्याला मात्र नजरच लागते.
म्हणून ड्युटीवरून आल्यावर ती पाटावर बसते,
मी टॉर्च धरतो.
कानामागे, मानेवर, केसांच्या मुळाशी, गुडघ्यांच्या लवणीत.
लग्नाला अठरा वर्षं झाली,
एवढं निरखून तिला मी आधी कधी पाहिलं नव्हतं.
तीळ कोणता, गोचीड कोणती, आता अंधारातही सांगेन.
एखाद्या तिळावर मुद्दाम थांबतो.
‘चालतो का थो?’ ती विचारते.
थांब, पाहू दे, म्हणतो.

परवा झनकलालची पँट परत आली.
कमरेच्या आत माझ्या लालशेजारी काळे टाके,
बायकोनं घातलेले असावेत, बारीक, सरळ हात.
चार पूर्ण. पाचवा अर्धाच,
सुई वर आणून तिथंच गाठ मारलेली.
मला कळेना.
प्रणिता म्हणाली, ‘गुरुवारी आम्ही नाल्यात भिजलो होतो ना.
धुतली नाही. भिजली.’

अर्धं धुणं.
बाटलीवरच्या बारीक अक्षरांत ह्याचं उत्तर नाही.
पँट हातात धरून उभा आहे,
खाली चिंधी दार ओरबाडते आहे,
आणि बादली भरायची की थांबायचं
हे ठरत नाही.